बाबा, ही तर म्हण झाली!

खानापूरचा_भात (२६ मे, रात्री ९:४०)

मंडळी, थोरला हुबळीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आलाय आणि नोकरीच्या मुलाखतींची तयारी करायलाय. काल जेवताना मध्येच विचारलं, “बाबा, तुमच्या आयुष्याचं तत्त्वज्ञान काय?” मी आमटीत भात कालवत होतो. म्हटलं, “त्यात काय एवढं? अंथरूण पाहून पाय पसरावे. तीस वर्षं तेच करत आलोय.”

पोरगं म्हणालं, “बाबा, ही तर म्हण झाली! अंथरूण एवढंच का, ते कुणी ठरवलं, मोठं करता येतं की नाही, यातलं काही ती सांगते का?”

मी म्हटलं, “तुझ्या आजोबांनी ह्याच्यावर दहा माणसांचं घर चालवलं.” तर म्हणतो, “मग तो ठोकताळा झाला.” बायको भाकरी थापायची सोडून हसत बसली.

आता मला खरंच प्रश्न पडलाय. घर चालवायला उपयोगी पडतो तो ठोकताळा, चारचौघांत बोलायला उपयोगी पडते ती म्हण. मग तत्त्वज्ञान म्हणजे काय? कशालाच उपयोगी पडत नाही ते? चेष्टा नाही, मनापासून विचारतोय. मी साधा बी.कॉम. माणूस आहे, जड शब्द कमी वापरा.

कुंदाप्रेमी (९:५२)

पहिला नंबर! आमच्या घरचं तत्त्वज्ञान: कुंदा (आपली बेळगावची दुधाची मिठाई) आणलाय हे पाहुणे गेल्यावर सांगायचं. ही म्हण, ठोकताळा की आणखी काय, ते जाणकारांनी ठरवावं.

टिळकवाडीचे_सर (१०:१५)

चिरंजीवांना रागावू नका, प्रश्न चांगला आहे.

मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. नववीला एक खेळ घ्यायचो. फळ्यावर एक म्हण लिहायची आणि तिच्या उलट सांगणारी दुसरी शोधायला लावायची. ‘बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत’ असं लिहिलं की मागच्या बाकावरून ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ आलंच म्हणून समजा. ‘शुभस्य शीघ्रम्’ला एकाने घाटातल्या पाटीवरचं ‘अति घाई संकटात नेई’ दिलं होतं. त्याला मी पूर्ण गुण दिले.

म्हणींचा साठा औषधाच्या दुकानासारखा असतो. जुलाबाचंही मिळतं आणि जुलाब थांबवायचंही मिळतं. दोन्ही औषधं खरी, पण दुकानदार काही तुमची नाडी बघत नाही. तत्त्वज्ञानाला ही सोय नाही. तिथं दोन उलट गोष्टी शेजारी ठेवल्या की कुणीतरी उठून विचारतं, यातलं खरं काय ते सांगा. आणि सांगावं लागतं.

शंकेखोर (१०:२१)

सर, वैद्यांचं, म्हणजे तत्त्वज्ञांचं, तरी आपसात कुठं जमतंय? सांख्यवाले एक सांगतात, वेदान्ती दुसरंच. तुमच्या वर्गातलं भांडण तासाची घंटा झाली की मिटायचं, ह्यांचं दोन हजार वर्षं चाललंय. माझं मत: तत्त्वज्ञान म्हणजे ऐसपैस बसलेली म्हण.

कुंदाप्रेमी (१०:२३)

शंकेखोर आले. धागा शंभरी गाठणार. चिरमुरे घेऊन बसलोय.

उद्यमबागवाला (१०:५८)

सेकंड शिफ्ट करून आलोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

ठोकताळ्याबद्दल मी बोलतो, त्यावरच पोट आहे. फाउंड्रीत साच्याची वाळू बरोबर भिजली की नाही ते बघायला मूठभर घेऊन दाबायची आणि मूठ उघडायची. गोळ्यावर बोटांचे वळ उमटले पाहिजेत. मग तो गोळा मधोमध मोडायचा, साफ तुटला पाहिजे, कडा भुरभुरता कामा नयेत. पाणी जास्त झालं तर धातूचा तापलेला रस ओतल्यावर वाफ कोंडते आणि कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या मालाला, भोकं पडतात. कमी झालं तर साचा ढासळतो. आता ओलावा मोजायचं यंत्र आलंय, तरी आमचा म्हातारा मिस्त्री आधी मूठ दाबतो आणि मग यंत्राकडे बघतो. बघतो म्हणजे यंत्र बरोबर आहे का ते बघतो.

ठोकताळ्याचं कसं आहे, संध्याकाळी साचा फोडला की खरंखोटं कळतं. चुकला असेल तर उद्या पाणी बदलायचं. म्हणीचा साचा कुणी फोडतच नाही. ‘कष्टाचं फळ मिळतं’ म्हणतात. नाही मिळालं तर म्हणतात, कष्ट कमी पडले. म्हणजे म्हण कधी रिजेक्टच होत नाही की राव! असा माल बनवता आला असता तर मी केव्हाच बंगला बांधला असता.

तत्त्वज्ञानाचं मला कळत नाही. तिथं साचा फुटायला अख्खा जन्म जात असावा, आणि फुटेपर्यंत बघायला आपण नसतो.

टिळकवाडीचे_सर (११:०६)

उद्यमबागवाला, तुम्ही माझ्या वर्गात असता तर मजा आली असती.

उद्यमबागवाला (११:०९)

होतो सर. नववी ब. दोन वर्षं होतो.

वडगावची_माई (२७ मे, सकाळी ७:३०)

सकाळी उठून सगळं वाचलं. खानापूरकर, तुमच्या म्हणीवरून आमच्या आजीची गोष्ट आठवली.

आमच्या घरी हातमाग होता. आजोबा मागावर, आजी शेजारी बसून सुताच्या कांड्या भरायची. धाकटी आत्या मॅट्रिक झाली आणि तिनं मास्तरीणीच्या ट्रेनिंगला जायचा हट्ट धरला. घरात बैठक बसली. थोरले काका, आजोबांचे भाऊ, शेजारचे दोघे, सगळ्यांचं एकच, अंथरूण पाहून पाय पसरावेत. पोरीच्या जातीला एवढं शिक्षण कशाला हे कुणी तोंडानं बोललं नाही, म्हणीनंच काम झालं. आजी कांडीवरचा हात न थांबवता म्हणाली, “आपुन मागावरची मानसं. अंथरून आखूड पडलं तर चार हात ज्यास्त विनायचं. पाय कशापायी तोडायचे?” आणि दुसऱ्या दिवशी पाटल्या मोडल्या.

आता पुढचं ऐका. चारच वर्षांनी काकांनी कर्ज काढून मोटारसायकल घेतली, तेव्हा हीच आजी दारात उभी राहून त्यांना काय म्हणाली असेल? “अंथरून बघून पाय पसरावं रं बाबा!” काका चिडले, म्हणाले तेव्हा एक आणि आता एक. आजी नुसती हसली.

आजीला सही येत नव्हती. पण कुठली म्हण कुठं वापरायची आणि कुठं फेकून द्यायची, यात ती चुकली असं मला आठवत नाही. ते तिला कशावरून कळायचं? तुमचा मुलगा बहुतेक तेच विचारतोय.

शंकेखोर (७:४१)

माई, गोष्ट भारी. पण ‘अंथरूण आखूड पडलं तर चार हात जास्त विणावं’ ही पण म्हणच झाली की!

वडगावची_माई (७:४५)

असू दे की. आमच्या आजीची आहे. तुमच्या आजीची सांगा.

कुंदाप्रेमी (७:४६)

शंकेखोर क्लीन बोल्ड.

पुण्यातला_बेळगावकर (११:२०)

तत्त्वज्ञानात एम.ए. केलंय आणि नोकरी विम्यात करतो, त्यामुळे असे धागे दिसले की राहवत नाही.

अॅरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरच्या ग्रंथात म्हणीवजा वचनांचा स्वतंत्र विचार केलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, युक्तिवादातलं कारण काढून टाका आणि नुसता निष्कर्ष ठेवा, झालं वचन. उलट, वचनाला कारण जोडा, की पुन्हा युक्तिवाद उभा राहतो. हे खानापूरकरांच्या म्हणीवर करून बघा. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ यावर कुणी वाद घालत नाही, मान डोलावतात. आता कारण जोडा: ‘कारण उसन्या पैशानं माणूस दुसऱ्याच्या मुठीत जातो.’ लगेच कुणीतरी म्हणेल, मग घरासाठी काढलेल्या कर्जाचं काय? शिक्षणासाठीच्या कर्जाचं? आता बोलणं सुरू झालं. मुलानं ताटावर मागितलं ते हे गहाळ झालेलं कारण.

तोच अॅरिस्टॉटल पुढे म्हणतो की अशी वचनं वयस्कर माणसांच्या तोंडी शोभतात, आणि त्यांनीही ज्याचा अनुभव घेतलाय त्याबद्दलच बोलावं. एरवी ते अडाणीपणाचं लक्षण. पुरावा काय, तर खेडवळ लोकांना वचनं पाडायची फार हौस असते.

खवचट_जांबोटी (११:३१)

खेडवळ कुणाला म्हणाला तो? पत्ता द्या त्याचा.

पुण्यातला_बेळगावकर (११:३३)

तेवीसशे वर्षांपूर्वी वारला.

खवचट_जांबोटी (११:३४)

वाचला.

शंकेखोर (१२:०५)

आता मी जरा गंभीर होतो. तुम्ही सगळे असं बोलताय जणू म्हण ही तत्त्वज्ञानाची लहान बहीण. मला उलटं दिसतं. तत्त्वज्ञान हरलं की त्याची म्हण होते.

चार्वाकांचं बघा. प्रत्यक्षाशिवाय प्रमाण मानायचं की नाही, अनुमानावर कितपत भरवसा ठेवायचा, देहाबरोबर जाणीव संपते का, असे भले मोठे प्रश्न घेऊन बसलेली ती परंपरा. त्यांचे मूळ ग्रंथ उरले नाहीत. जे कळतं ते बरंचसं विरोधकांच्या लिहिण्यातून, चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’सारख्या ठिकाणी. आणि लोकांच्या तोंडी राहिलं काय? ऋण काढून तूप प्या! अख्ख्या दर्शनाचं एक चावट वाक्य झालं, आणि तेही घरात कुणी उधळपट्टी केली की टोमणा मारायला.

म्हणजे खानापूरकर, तुमच्या ‘अंथरूण पाहून’मागेही कुणा विसरलेल्या माणसाचा मोठा विचार असेल, कुणी सांगावं.

पुण्यातला_बेळगावकर (१२:१२)

हा प्रतिसाद आवडला. पण सगळेच हरलेले नसतात. एपिक्टेटस हा ग्रीक तत्त्वज्ञ मुळात गुलाम. त्याच्या शिकवणीतून त्याच्या शिष्यानं, एरियननं, एक छोटी पुस्तिका काढली. तिच्या ग्रीक नावाचा अर्थच ‘हातात राहील अशी’. सुरुवातच अशी की काही गोष्टी आपल्या हातात असतात आणि काही नसतात. वाचायला सुविचारांची वहीच वाटते. पण जे त्याच्यापाशी बसून आधी सगळी कारणं, सगळे वाद ऐकून गेलेत, त्यांना ऐन वेळेला आठवावं म्हणून ती. आपण फक्त पुस्तिका वाचतो आणि स्टेटसला टाकतो.

कुंदाप्रेमी (१२:१५)

रोज सकाळी सहा वाजता गुलाबाच्या फुलावर छापून येतात ते सुविचार कुठल्या खात्यात धरायचे? आमचे एक काका रोज चौदा पाठवतात. त्यातले बारा क्षमेवर असतात आणि ते स्वतः सख्ख्या भावाशी बांधावरून बोलत नाहीत.

अथणीकर_मास्तर (दुपारी ३:५०)

कन्नड शाळेत शिकवतो, घरात मराठी, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खायची सवय आहे.

पहिली गंमत. तुमची म्हण कन्नडमध्ये जशीच्या तशी आहे, ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’. अंथरूण आहे तेवढेच पाय पसर. एसट्या बंद पडतात तेव्हासुद्धा म्हणी इकडून तिकडं जातच असतात.

दुसरी गंमत. या धाग्याच्या प्रश्नावर कन्नडमध्ये निकाल आधीच लागलाय: ‘वेद सुळ्ळादरू गादे सुळ्ळागदु’. वेद एक वेळ खोटे ठरतील, पण म्हण खोटी ठरणार नाही. म्हणजे लोकांनी म्हणीला वरच्या पाटावर बसवलंय. शंकेखोरांनी नोंद घ्यावी.

तरी माझं मत वेगळं आहे, आणि ते मला वर्गातच सुचलं. कष्टाबद्दल आमच्याकडं दोन वाक्यं मुलांना पाठ असतात. एक म्हण: ‘कै केसरादरे बायि मोसरु’. हात चिखलात घाला म्हणजे तोंडाला दही मिळेल. दुसरं बाराव्या शतकातल्या शरणांचं, म्हणजे बसवण्णांच्या काळातल्या शिवभक्त संतांचं: ‘कायकवे कैलास’. काम हाच कैलास. वरवर बघितलं तर दोन्ही ‘काम करा’ असंच सांगतात. पण पहिल्यात काम दह्यासाठी आहे. दही फुकट मिळालं तर चिखलात कोण उतरेल? दुसऱ्यात दह्याचा हिशोबच नाही.

हे दुसरं वाक्य ज्याचं मानतात त्या आयदक्की मारय्याची गोष्ट सांगतो. आयदक्की म्हणजे वेचलेले तांदूळ. सांडलेले तांदूळ वेचून आणायचे, त्यातून स्वतः खायचं आणि दासोहाला, म्हणजे इतरांना, वाढायचं हा नवराबायकोचा नेम. एक दिवस मारय्या रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला. बायको लक्कम्मा म्हणाली, ही हाव कुठून आली? आपल्याला लागतात तेवढे ठेव, जास्तीचे जिथून आणलेस तिथं टाकून ये. आणि तो टाकून आला.

आता सांगा, ‘थेंबे थेंबे तळे साचे’ म्हणणारा माणूस तांदूळ परत टाकायला जाईल का? सातवीतल्या एका पोरानं मला विचारलं, “सर, पाऊस लागला आणि दुसऱ्या दिवशी वेचायला मिळालंच नाही तर?” त्याचं बरोबर होतं. व्यवहाराचा कुठलाही ठोकताळा लक्कम्माच्या बाजूनं नाही. तिला तसं करायला लावणारं काहीतरी मोठं होतं: जग कुणाचं, कामाचा धनी कोण, साठवलेलं कुणाच्या वाट्याचं असतं, याबद्दलचं. त्यामुळं गैरसोय झाली तरी ती त्यातून सुटू शकत नव्हती.

सीमावासी_५६ (४:०२)

मराठी धाग्यावर कन्नड कशाला? आधीच पाट्यांवर कमी आहे का?

अथणीकर_मास्तर (४:०६)

दादा, आपला पांडुरंगच ‘कानडा’ म्हणवून घेतो, मी कोण लागून गेलो?

धागा_राखणदार (४:१०)

सीमाप्रश्नावर वेगळा धागा आहे आणि तो अजून चालू आहे. इथं म्हणी.

सीमावासी_५६ (४:३०)

ठीक. पण लक्कम्माची गोष्ट बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, तांदूळ परत टाकायला सांगणारी बायको सगळ्यांना आवडते, जास्तीचे आणू नकोस म्हणून आधीच सांगणारी कुणाला आवडत नाही. मला काही बोलता आलं नाही.

लग्नाचा_आचारी (संध्या. ६:१५)

अवांतर होईल, पण तांदळाचा विषय निघालाय म्हणून लिहितो. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण सगळे म्हणतात. संस्कृतातही तिला न्याय, म्हणजे ठरलेला दाखला, आहे म्हणे, स्थालीपुलाक न्याय. घरच्या पातेल्यात ती चालते, कारण पाण्याची उकळी सगळीकडं सारखी फिरते. पाचशे पानांच्या लग्नाला मोठ्या डेगीत लाकडाच्या जाळावर भात शिजवा आणि वरचं शीत दाबून बघा. फसलाच! खालचा लागलेला असतो, कडेचा बरा, वरचा कच्चा. आम्ही तीन ठिकाणचं शीत काढतो, खालून झाऱ्यानं. आणि तांदूळ नवा असेल तर पाणी कमी, जुना असेल तर जास्त, हे विचारल्याशिवाय डेगीला हात लावत नाही.

सांगायचं काय, ती म्हणसुद्धा घर बघून वापरावी.

कुंदाप्रेमी (६:२०)

आचारीबुवा, डेगीत कुंदा करता का?

लग्नाचा_आचारी (६:२४)

करतो. ढवळायला तुम्ही या.

उद्यमबागवाला (६:४०)

आचारीसाहेबांचा मुद्दा भारी आहे. आमच्याकडेपण लहान साच्याचा अंदाज मोठ्या साच्याला लावला की माल गेला. ठोकताळा जिथं जन्मला तिथंच शहाणा.

निपाणीचा_पाला (रात्री ९:१०)

उशिरा आलोय. आमच्या घरातली एक हकीकत.

आजोबा माळकरी, वारी न चुकवणारे. चार एकर तंबाखू. पाला पहाटे दवानं मऊ असतानाच हलवायचा, ऊन चढल्यावर हात लावला की चुरा, असले ठोकताळे त्यांना तोंडपाठ. पण भावाची गोष्ट आली की गप्प. व्यापारी सांगेल तो भाव. कुणी कुरकुर केली की तुकोबांचं ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ म्हणायचे. लहानपणी आम्हाला वाटायचं, तंबाखूचा दरसुद्धा अनंतच ठरवतो.

१९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूवाले शेतकरी निपाणीत हमरस्त्यावर बसले. वडील तेव्हा तेवीस वर्षांचे, तेही जाऊन बसले. आजोबांना राग आला. एका रात्री वडील कपडे न्यायला घरी आले तेव्हा वाद झाला. आजोबांनी ‘ठेविले अनंते’ काढलं. वडील म्हणाले, “तुकोबांनीच ‘असाध्य ते साध्य करिता सायास’ पण म्हटलंय. ते का नाही म्हणत?” आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पहिलं मनासाठी हाय. दुसरं हातासाठी. मी दोन्ही मनालाच लावत बसलो.” दुसऱ्या दिवशी रस्त्यावर बसलेल्यांना आमच्या घरातून भाकरीचं गाठोडं गेलं. ते स्वतः काही गेले नाहीत.

सरांच्या वर्गातला खेळ आजोबांनी त्या रात्री एकट्यानं खेळला, एवढंच मला म्हणायचंय. दोन उलटी वचनं त्यांच्याकडं आयुष्यभर होती. ती भांडतायत हे त्यांना तोपर्यंत दिसलंच नव्हतं.

आणि घोषणांचं काय? ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही ना म्हण, ना ठोकताळा.

टिळकवाडीचे_सर (९:३५)

पाला, तुमच्या आजोबांना नमस्कार.

घोषणा हा चौथाच प्रकार. लोकमान्यांनी १९१६ साली होमरूल लीग स्थापन केली ती आपल्याच बेळगावात. ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ हे शाळेतल्या पहिलीच्या पोरालाही येतं. पण त्याच्या आदल्याच वर्षी त्यांचं ‘गीतारहस्य’ छापून आलं होतं. मंडालेच्या तुरुंगात बसून लिहिलेलं, आधीच्या टीकाकारांचं म्हणणं एकेक करून मांडून खोडत जाणारं. ते घरोघरी कपाटात आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. आमच्या घरचीसुद्धा शंभराच्या पुढं.

खवचट_जांबोटी (९:४०)

सर, तुम्हीसुद्धा!

शंकेखोर (१०:०२)

हरलो म्हणणार नाही, पण थोडा सरकलो. माझा आक्षेप आता एवढाच उरलाय: लक्कम्मा, माईंची आजी, पाल्याचे आजोबा, यांच्यापैकी एकानंही आपलं तत्त्वज्ञान सांगितलेलं नाही. ते आपण त्यांच्या वागण्यातून काढलं. मग मुलाखतीत विचारल्यावर उमेदवारानं काय सांगायचं?

पुण्यातला_बेळगावकर (१०:०८)

मुलाखतीत टीमवर्क म्हणायचं असतं.

वडगावची_माई (१०:१५)

अहो, पण खानापूरकर गेले कुठं? धागा काढून गडप झाले.

खानापूरचा_भात (२८ मे, रात्री ८:५०)

आहे आहे. गव्यांनी मागच्या शेताचं कुंपण पाडलं, त्यात दिवस गेला. सगळे प्रतिसाद रात्री ओट्यावर बसून मुलाला वाचून दाखवले. फाउंड्रीच्या मुठीला तो खूप हसला. माईंच्या आजीला हसला नाही.

आता एक सांगतो, इथं लिहावं की नको असं दोनदा वाटलं. १९९६ साली मला पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं होतं. हजर व्हायची तारीख ठरली होती. त्याच पावसाळ्यात वडिलांना अर्धांगाचा झटका आला. घरात आई, धाकट्या दोघी बहिणी, भाताची जमीन. मी गेलो नाही. तेव्हापासून कुणी विचारलं की माझं ठरलेलं उत्तर: अंथरूण पाहून पाय पसरावे. लोक मान डोलावतात आणि विषय संपतो. पुण्यातल्या बेळगावकरांनी लिहिलंय तसं, कारण जोडलं की वाद सुरू होतो. मी तीस वर्षं कारण जोडलंच नाही.

काल वाचून झाल्यावर मुलगा म्हणाला, “बाबा, अंथरूण लहान होतं म्हणून राहिलात, की आजोबांना सोडायचं नव्हतं म्हणून?”

मी म्हटलं, रात्र झाली, झोप आता.

रोहिणी लागल्यात. उद्या धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतली, धरलीय. पोरगं स्वतःहून म्हणालं, येतो.

वडगावची_माई (८:५८)

त्याला सोबत न्या आणि दुपारी झाडाखाली सांगा. बसल्या जागी नाही सांगता येत असलं.

शंकेखोर (९:०४)

बियाणं कुठलं टाकताय?

खानापूरचा_भात (९:१०)

इंद्रायणी. थोडं घरचं जुनं पण आहे, कडेच्या वाफ्यात टाकून बघतो.

कुंदाप्रेमी (९:१२)

पेरणी झाली की धाग्यावर फोटो टाका. आणि काका, मुलाला नोकरी लागली की पहिला कुंदा पाहुण्यांसमोर फोडायचा. ह्यावेळी मी पाहुणा आहे.